कांबळे सरांच्या दोन नळ्या

कांबळे सरांच्या शर्टाच्या खिशात पेन नसे. ड्रॉपरची बाटली असे.

आम्ही कोल्हापुरात कळंब्याच्या बाजूला नव्या कॉलनीत राहायला गेलो, तेव्हा शेजारी म्हणून ते पहिल्यांदा घरी आले. बायको म्हणाली, चहा टाकते. सर म्हणाले, ‘चहा नंतर, वहिनी. आधी वाटीत थोडं दूध द्या. उकळून गार केलेलं असलं तर बरं.’

बायकोला वाटलं, यांच्याकडे मांजराचं पिल्लू असावं. तिने वाटी आणून दिली. सरांनी खिशातली बाटली काढली, दुधात थेंब टाकले, वाटी खिडकीपाशी उजेडात धरली आणि ती परत बायकोच्या हातात देत म्हणाले, ‘अभिनंदन.’

बाटलीत आयोडीन होतं. दुधात पीठ मिसळलेलं असलं तर आयोडीनने ते निळं पडतं. गरम दुधात निळा रंग टिकत नाही, म्हणून गार हवं. आमचं दूध पिवळट राहिलं होतं. मग सर बसले, चहा प्यायले, आणि जाताना म्हणाले, ‘गवळी बदलू नका.’ आमचा गवळी तोच त्यांचा गवळी होता आणि त्याचं दूध त्यांनी सकाळीच तपासलं होतं. ‘माणूस एकच आहे,’ ते म्हणाले, ‘पण दूध घरोघरी वेगळं असू शकतं.’

सर शहरातल्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत. निवृत्तीला थोडीच वर्षं राहिली होती. पत्नी वारलेल्या. घरात थोरली बहीण, जिला सगळी कॉलनी आक्का म्हणे, आणि एकुलती मुलगी सुजाता. सुजाता कागलच्या एका शाळेत शिक्षिका होती. सकाळी एसटीने जायची, संध्याकाळी एसटीने यायची.

सरांना जगात एकाच गोष्टीची गोडी होती. दिसायला सारखे आणि मुळात वेगळे असे दोन पदार्थ समोर ठेवायचे आणि कुठला कुठला ते ओळखायचं. साखर आणि ग्लुकोज. मीठ आणि नवसागर. खायचा सोडा आणि धुण्याचा सोडा. ‘पांढरं दिसलं की माणूस फसतो,’ असं ते म्हणत. फसू नये म्हणून त्यांच्याकडे थेंब होते. थेंब टाकायचा आणि बघायचं. रंग बदलतो, फेस येतो, साका बसतो, नाहीतर काहीच होत नाही. ‘काहीच होत नाही, हेसुद्धा उत्तर आहे,’ हे ते विशेष आनंदाने सांगत.

एक गोष्ट मात्र त्यांना मुळीच खपत नसे. चव घेणं. प्रयोगशाळेत कुठल्याही पदार्थाची चव घ्यायची नाही, हा पहिला नियम. सरांनी तो घरीही लागू केला होता. एकदा मी त्यांच्याकडे बसलेलो असताना आक्कांनी स्वयंपाकघरातून हाक दिली, ‘बाबू, आमटीत मीठ पडलंय का बघ की जरा.’

सर उठले. वाटीत आमटी घेतली, तिचं पाणी गाळून नळीत घेतलं आणि त्यात सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकले. दह्यासारखा पांढरा साका बसला.

‘पडलंय,’ सर ओरडले.

‘बरोबर पडलंय का?’

‘ते सांगायला वेळ लागेल.’

‘जिभेला काय कुलूप घातलंय व्हय रे तुझ्या?’

या सिल्व्हर नायट्रेटने सरांची बोटं कायम काळी असत. मतदानाच्या शाईतही तोच पदार्थ असतो. त्यामुळे दर निवडणुकीला मतदान केंद्रावरचे कर्मचारी त्यांना अडवत आणि ‘तुमचं मतदान झालेलं दिसतंय’ म्हणत. अशा वेळी माणूस ‘छे, हे डाग वेगळे’ असं सांगेल. सर सांगत, ‘तुमचं निरीक्षण अगदी बरोबर आहे. पदार्थ तोच आहे.’ मग केंद्रप्रमुखाला बोलावलं जाई आणि मागची रांग वाढत जाई.

कॉलेजात त्यांचं एक वाक्य प्रसिद्ध होतं. ‘दिसलं ते सांग, वाटलं ते नंतर.’ प्रॅक्टिकलला मुलं काय करतात, हे सगळ्यांना माहीत असतं. उत्तर आधी मिळवतात आणि त्याला शोभेल असं निरीक्षण मागाहून लिहितात. याला सर ‘शिजवणे’ म्हणत. एकदा परीक्षेला क्षार ओळखायचे होते. ज्योतीत धरून रंग पाहायचा होता. अर्ध्या तासाने सरांनी पेपर फिरून पाहिले. कुणी विटकरी ज्योत पाहिली होती, कुणी पोपटी, कुणी जांभळी. सगळ्यांचे रंग पुस्तकातल्यासारखे होते. सर टेबलापाशी गेले आणि शांतपणे म्हणाले, ‘आज सकाळपासून गॅस बंद आहे. बर्नर कुणी पेटवले?’

मुलं एकमेकांच्या बर्नरकडे बघू लागली. शेवटी मागून एक जण म्हणाला, ‘सर, माझ्याकडं काडेपेटी होती.’ तो पास झाला.

कॉलनीच्या कोपऱ्यावर बापू भजीवाल्याचा गाडा होता. बापूच्या भज्यांवर सरांचा संशय होता. भजी फुगावीत म्हणून पिठात खायचा सोडा घालतात. बापू स्वस्तातला धुण्याचा घालत असावा, असं सरांचं म्हणणं होतं. एके संध्याकाळी ते वाटी घेऊन गाड्यावर गेले. तळलेली भजी नको म्हणाले, कारण खायचा सोडा तापला की त्याचाही धुण्याचा सोडा होतो आणि चाचणीला अर्थ राहत नाही. त्यांना कच्चं पीठ हवं होतं. बापूने दिलं. सरांनी त्यात फिनॉल्फ्थॅलिनचे थेंब टाकले आणि पीठ गुलाबी झालं. खायच्या सोड्याने ते जेमतेम रंगलं असतं. हे लग्नाच्या पत्रिकेसारखं गुलाबी होतं.

गिऱ्हाइकं जमली. बापू भडकला. ‘सर, तुम्ही रंग टाकणार आणि माझं पीठ वाईट व्हय? ह्ये बघा!’ म्हणत त्याने ती वाटी हिसकावली, ते पीठ तेलात सोडलं आणि सरांनी दोन्ही हातांनी नको नको म्हणून खुणा केल्या तरी सगळ्यांच्या देखत ती भजी खाल्ली. ‘काय झालं का मला? बोला की!’

त्या क्षणी काही झालं नव्हतं. फिनॉल्फ्थॅलिन हे औषध त्या काळात जुलाबाच्या गोळ्यांमध्ये वापरत. दुसऱ्या दिवशी गाडा बंद होता. तिसऱ्या दिवशी तो उघडला तेव्हा बापूने सरांना स्वतःहून हाक मारली आणि खायच्या सोड्याचा पुडा लांबूनच दाखवला.

घरात सरांची खरी प्रतिस्पर्धी आक्का होत्या. त्यांना साखरेचा विकार होता आणि त्या गोड खात नव्हत्या, असं त्यांचं स्वतःचं म्हणणं होतं. त्या वेळी लघवीतली साखर घरी तपासायची म्हणजे बेनेडिक्टचं निळं द्रावण. त्यात थेंब टाकून तापवायचं. साखर जास्त तसा रंग हिरवा, पिवळा, शेवटी विटेसारखा लाल. सर दर रविवारी सकाळी ही चाचणी करत. एका शनिवारी कॉलनीत बारसं होतं आणि आक्कांनी तिथे बुंदीच्या लाडवांचा समाचार घेतला होता. रविवारी त्यांनी बाटलीत हळदीचं पाणी भरून दिलं.

बेनेडिक्टच्या द्रावणात धुण्याचा सोडा असतो आणि हळद सोड्याला लागली की लाल होते, हे आक्कांना ठाऊक नव्हतं. थेंब पडताच नळीत तांबडं उठलं. स्टोव्ह अजून पेटवायचा होता.

‘आक्का,’ सर म्हणाले, ‘न तापवता लाल होणारी साखर जगात अजून कुणाला सापडलेली नाही.’

‘मग माझं नाव दे की तिला,’ आक्का म्हणाल्या.

अशा या घरात सुजाताच्या लग्नाचा विषय निघाला. आक्कांनी तो हाती घेतला. नातेवाईक, ओळखीपाळखी, विहारात भेटणारी माणसं, सगळीकडे शब्द टाकला. सरांची एकच अट होती. मुलाला ते दोन नळ्या देणार, आणि त्यांत काय आहे ते मुलाने सांगायचं.

‘पोराचा पगार इचार,’ आक्का म्हणाल्या. ‘घर इचार. दारू पितोय का इचार.’

‘ते तू विचार,’ सर म्हणाले. ‘मी हे विचारतो.’

पहिला मुलगा इंजिनिअर होता. पोहे यायच्या आधीच सर त्याला गॅलरीत घेऊन गेले. तिथे त्यांचं टेबल होतं. टेबलावर खायच्या आणि धुण्याच्या सोड्याचे डबे, ड्रॉपर, पाणी आणि स्टँडमध्ये दोन नळ्या. दोन्हींत पांढरी पावडर. दार लोटलं गेलं. थोड्या वेळाने इंजिनिअर घाम पुसत बाहेर आला. त्याच्यामागून सर आले आणि आक्कांकडे बघून फक्त ‘नाही’ म्हणाले. पोहे कुणाशी न बोलता खाल्ले गेले.

दुसरा इचलकरंजीच्या बँकेतला. या खेपेला आक्कांनी तयारी केली होती. दारात पाण्याचा तांब्या देतानाच त्या त्याच्या कानाशी लागल्या. ‘पावणं, नीट ऐका. एकात खायचा सोडा हाय, एकात धुण्याचा. थेंब टाकला की गुलाबी हुतोय तो धुण्याचा. फिक्का राहतोय तो खायचा. ध्यानात ठेवा, मग पोरगी तुमची.’

बँकवाला हसत गॅलरीत गेला. सर बाहेर आले आणि म्हणाले, ‘नाही.’

पाहुणे गेल्यावर आक्कांनी चौकशी केली. पहिल्याने डावी नळी खायच्या सोड्याची सांगितली होती, दुसऱ्याने उजवी. मी वर्तमानपत्रात नोकरीला, म्हणून आक्का मला पेपरवाले म्हणत. त्या माझ्याकडे आल्या आणि कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, ‘पेपरवाले, तुम्ही शिकलेली माणसं. मला सांगा. एक डावी म्हणाला, एक उजवी म्हणाला. दोघंबी नापास. आता तिसऱ्यानं काय मधली म्हणायचं व्हय?’

मी सरांना विचारलं. ते म्हणाले, ‘त्यांना दिसलं नाही ते त्यांनी सांगितलं.’ एवढंच.

बातमी पसरली. कांबळ्यांच्यात पोरगी बघायला गेलं की पोराचीच परीक्षा होते, असं लोक सांगू लागले. स्थळं यायची थांबली. वर्ष गेलं. सुजाताने यावर कधी काही बोलून दाखवलं नव्हतं. ती सकाळी एसटीने जात होती, संध्याकाळी येत होती. आणि मग एका संध्याकाळी तिने घरी सांगितलं की मिलिंद नावाचा मुलगा आहे. मूळचा गारगोटीचा. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एका कारखान्याच्या वजनकाट्यावर सुपरवायझर आहे. रोज त्याच बसने जातो. तो आपल्या वडिलांना घेऊन येत्या रविवारी येणार आहे.

‘येऊ दे,’ सर म्हणाले. ‘नळ्या धुऊन ठेवतो.’

‘ठेवा,’ सुजाता म्हणाली. ‘पण बाबा, याला तुम्ही नाही म्हणालात, तर मी चौथा बघणार नाही. आधीच सांगते.’

हे मला आक्कांनी सांगितलं, तेव्हा त्यांचा आवाज पहिल्यांदाच खाली होता. ‘ती बोलली म्हंजे करणार. बापाचीच हाय ती. तुम्ही रविवारी येऊन बसा. परकं माणूस असलं की बाबू जरा बरा वागतोय.’

रविवारी मी गेलो. मिलिंद उंच, कमी बोलणारा मुलगा होता. त्याचे वडील कमी बोलणारे नव्हते. पांढरा पायजमा, टोपी, आणि गारगोटीच्या बाजारात उभं राहून बोलण्याची सवय झालेला आवाज. सरांनी मिलिंदला गॅलरीकडे यायची खूण केली, तसे वडील सोफ्यावरून उठले.

‘कुठं नेतासा पोराला?’

‘एक छोटीशी चाचणी आहे.’

‘रक्ताची?’

‘नाही. दोन नळ्या आहेत. त्यांत काय आहे ते सांगायचं.’

‘मग हितंच होऊ द्या की,’ वडील म्हणाले. ‘आमच्यात दार लावून काय करत न्हाईत. जे काय हाय ते चार माणसांच्या म्होरं.’

सर क्षणभर घुटमळले. हे त्यांच्या पद्धतीत नव्हतं. पण आक्कांनी तोवर टीपॉयवरचे पोहे बाजूला सारले होते आणि गॅलरीतून स्टँड आणून मधोमध ठेवला होता. दोन नळ्या, दोन्हींत पांढरी पावडर.

‘यांत काय आहे?’ सर म्हणाले. ‘चव घ्यायची नाही.’

मिलिंदने दोन्ही नळ्यांत पाणी घातलं आणि हलवलं. पावडर विरघळली. त्याला आक्कांचा निरोप सुजाताकडून बसमध्येच मिळालेला होता, हे त्याच्या हालचालींवरून कळत होतं. तो ड्रॉपर शोधत नव्हता, सरळ उचलत होता. त्याने डाव्या नळीत थेंब टाकला. गुलाबी. आक्कांनी सुटकेचा श्वास सोडला. त्याने उजव्या नळीत थेंब टाकला.

गुलाबी.

आक्का दोन्ही नळ्यांवर वाकल्या. स्वयंपाकघराच्या दारात सुजाता उभी होती. तिचा हात चौकटीवर होता.

‘डावी जरा फिक्की हाय, न्हवं?’ आक्का म्हणाल्या.

मिलिंदचे वडील पुढे वाकले. ‘व्हय की. डावी फिक्की हाय. चांगलीच फिक्की हाय.’

‘पेपरवाले, तुम्ही बघा.’

मी पाहिलं. डावी नळी मलाही किंचित फिकी वाटली. तसं मी सांगितलं.

‘बघ!’ आक्का मिलिंदला म्हणाल्या. ‘चार माणसं सांगायला लागल्यात. डावीत खायचा सोडा, उजवीत धुण्याचा. म्हण आणि मोकळा हो.’

मिलिंदने वळून आमच्याकडे पाठ केली, नळ्या हातात घेतल्या, काहीतरी केलं आणि त्या पुन्हा स्टँडमध्ये ठेवल्या.

‘आता कुठली फिक्की हाय, आप्पा?’

‘डावीच की,’ वडील म्हणाले. ‘आता तर लईच फिक्की दिसायलीया.’

‘मघाशी ती उजवीकडं होती.’

वडिलांनी टोपी काढून डोकं खाजवलं. आक्का मटकन खाली बसल्या. मिलिंद सरांकडे वळला. घसा खाकरला. त्याने एकदा दाराकडे बघितलं, पण सुजाता काही खूण करत नव्हती.

‘सर, मला सांगण्यात आलं होतं की एक फिक्की राहील. न्हाय राहिली. दोन्ही सारख्याच हायत. आमच्या काट्यावर गाडी आली की ड्रायव्हर वजन सांगतोय, ते आम्ही लिहीत न्हाय. काटा दाखवतोय ते लिहितोय.’ तो थांबला. ‘दोन्हींत धुण्याचाच सोडा असावा. चुकत असलो तर चुकत असेन. पण मला ह्यात फरक दिसत न्हाय, आणि दिसतोय असं मी सांगणार न्हाय.’

सरांनी चष्मा काढला. तो शर्टाला पुसला. परत घातला. परत काढला. त्यांनी दोन्ही नळ्या उचलून खिडकीपाशी नेल्या आणि आमच्याकडे पाठ करून बराच वेळ उजेडात धरल्या. त्यांत बघण्यासारखं काही उरलं नव्हतं. सुजाता चौकट सोडून दोन पावलं पुढे आली होती.

‘बाबा,’ ती म्हणाली.

‘बरोबर आहे,’ सर म्हणाले. आवाज इतका बारीक होता की मिलिंदच्या वडिलांनी ‘काय म्हणालं?’ असं मला विचारलं.

‘पास झाला,’ मी सांगितलं.

पुढचा पाऊण तास त्या घरात जो गोंधळ झाला, त्याचं वर्णन करणं अवघड आहे. वडिलांनी मिलिंदच्या पाठीत एवढा धपाटा घातला की टीपॉयवरचे पोहे उडाले. आक्कांना आधी आनंद झाला आणि मग उशिरा राग आला. ‘म्हंजे बाबू, तिन्ही खेपेला तू दोन्हींत एकच घातलंतंस?’

‘दोन वेगळ्या आहेत असं मी कधी म्हटलं?’

‘म्हटलं न्हाईस! पण दोन नळ्या ठेवल्या की माणूस काय समजतोय?’

‘तेच तर,’ सर म्हणाले.

मिलिंदच्या वडिलांनी यावर विचार केला आणि मांडीवर थाप मारली. ‘वा वा! पोराचा खरेपणा तपासला. अशी परीक्षा सगळ्या पोरांची घ्यायला पायजे. निवडणुकीला उभं राहणाऱ्यांची तर आधी.’ सगळ्यांनी मान डोलावली. खरेपणाची परीक्षा हे स्पष्टीकरण सगळ्यांना आवडलं. इंजिनिअरला आणि बँकवाल्याला आक्कांनी तिथल्या तिथे ढोंगी ठरवून टाकलं. तारीख ठरवायची बोलणी सुरू झाली.

सर गॅलरीत गेले होते. मी त्यांच्यामागून गेलो. ते नळ्या धूत होते. ब्रश आत घालून, फिरवून, परत पाणी घालून. स्वच्छ झालेली नळी ते पुन्हा धूत होते.

‘चांगली युक्ती होती,’ मी म्हणालो. ‘खरेपणाची.’

‘तसं ते म्हणताहेत.’

‘तसं नव्हतं?’

सरांनी नळी उलटी करून स्टँडमध्ये ठेवली. बाहेरच्या खोलीत सुजाता कशावर तरी मोठ्याने हसली. तिचं हसणं मी त्या घरात क्वचित ऐकलं होतं. ते थांबेपर्यंत सर थांबले.

‘मी तीस वर्षं प्रॅक्टिकल घेतली,’ ते म्हणाले. ‘दोन नळ्या पुढे ठेवल्या की पोरं फरक सांगतातच. एकानेही कधी सारख्या म्हटलं नाही. म्हणून असा पेपर काढला. मला वाटलं, यात कुणीच पास होणार नाही.’

मग त्यांनी ब्रश झटकला आणि ‘चला, पाहुणे काय म्हणतील’ असं म्हणत ते आत गेले.

लग्न थाटात झालं. दोघांच्या नोकऱ्या कागलला, म्हणून बिऱ्हाडही तिथेच करायचं ठरलं होतं. सुजाता पांढऱ्या साडीत होती. जिलेबीच्या पिवळ्या रंगाबद्दल सरांना शंका होती, म्हणून आक्कांनी त्यांच्या खिशातली बाटली आधीच काढून घेतली होती. कोटाच्या आतल्या खिशात दुसरी होती. जिलेबी निर्दोष निघाली आणि आचाऱ्याचं सर्वांसमक्ष अभिनंदन झालं. पाठवणीच्या वेळी सरांनी मिलिंदला बाजूला घेतलं. काहीतरी गंभीर सांगणार असं वाटलं. ते म्हणाले, ‘कागलला तुमच्याकडे पाणी कसलं आहे? बोअरचं का?’

‘व्हय. बोअरचं.’

‘बोअरचं पाणी जड असतं. साबणाला फेस येत नाही. बघायला पाहिजे.’

पुढच्याच रविवारी ते बघायला गेले. कोल्हापूर ते कागल हा प्रवास एसटीने अर्ध्या-पाऊण तासाचा आहे. सर सकाळची पहिली गाडी पकडत आणि सोबत एक रिकामी बाटली नेत. सुजाता ती बोअरच्या पाण्याने भरून देई. संध्याकाळी ते भरलेली बाटली पिशवीत घालून परत येत. फाटकाशी भेटले की मी विचारी, ‘काय, पाणी कसं निघालं?’ ते म्हणत, ‘अजून नक्की सांगता येत नाही. परत एकदा नमुना घ्यायला पाहिजे.’

आश्चर्य वाटण्यासारखी ही गोष्ट होती. पाणी जड आहे की हलकं, हे साबणाच्या पाण्याचे थेंब टाकून बाटली हलवली की कळतं. फेस आला तर हलकं, नाही आला तर जड. शाळेतल्या मुलांना जमणारी चाचणी आहे. तरी पावसाळा गेला, दिवाळी गेली, सरांचे रविवार चालूच होते. मिलिंदच्या वडिलांनी मला एकदा बाजारात गाठून काळजीने विचारलं, ‘पेपरवाले, पोरांच्या बोअरला काय लई मोठं झालंय का हो?’

एका रविवारी दुपारी आक्कांनी मला माळ्यावरची ट्रंक काढायला बोलावलं. सर कागलला गेले होते. ट्रंक ठेवायला मी गॅलरीत गेलो. टेबल होतं तिथेच होतं. पलीकडे कठड्याला लागून पाण्याच्या बाटल्या उभ्या होत्या, एकीला लागून एक. सगळ्या गळ्यापर्यंत भरलेल्या, सगळ्यांची बुचं घट्ट.

‘ह्या कागलच्या?’

‘मग काय पंचगंगेच्या?’

‘तपासून झाल्या?’

‘एकबी उघडलेली न्हाय,’ आक्का म्हणाल्या. त्यांनी पदराने एका बाटलीवरची धूळ पुसली. मग दुसरी उचलून पुसली. ‘आणि तुम्ही त्याला इचारू नगासा, पेपरवाले. पोरगीबी इचारत न्हाय. ती गप भरून देती.’

त्यांनी ती बाटली होती तिथेच परत ठेवली आणि शेवटच्या बाटलीच्या पुढची मोकळी जागा फडक्याने पुसून घेतली.